सेल्फ-ड्रायव्हिंगवर किती भरवसा ठेवायचा, ते कसं ठरवायचं

एक जण सांगतो, हायवेला लागलो की गाडीच चालवते, मी फक्त लक्ष ठेवून बसतो, एकदम मस्त. दुसऱ्याकडे तेच मॉडेल आणि तो म्हणतो मी ते बंदच करून टाकलंय, समोर चिटपाखरू नसताना कचकन ब्रेक मारते. नवीन गाडी घेणारा दोघांचं ऐकतो आणि पार गोंधळून जातो. आणि दोघंही खरंच बोलत असतात बरं का, रस्ते वेगळे, वेळ वेगळी, सॉफ्टवेअरचं व्हर्जन वेगळं, त्यामुळे अनुभवही वेगळा. म्हणून 'चांगलंय का' असं विचारून काही हाती लागत नाही, कुठे नीट चालतं आणि कुठे दगा देतं ते खोदून विचारा.

त्याआधी समोरचा कुठल्या लेव्हलच्या गाडीबद्दल बोलतोय ते बघा. गाडी स्वतःहून किती चालवते त्यावरून एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेने ० ते ५ अशा लेव्हल ठरवल्यात. आपण विकत घेतो त्या गाड्या बहुतेक फार तर लेव्हल २ च्या, म्हणजे स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक गाडी सांभाळते पण रस्त्यावर नजर तुमचीच आणि जबाबदारीही तुमचीच. टेस्लाच्या सिस्टिमच्या नावात 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' असलं तरी ती यातच येते, २०२४ मध्ये कंपनीने त्या नावाला 'सुपरवाइज्ड' हा शब्द जोडला. मर्सिडीजच्या ड्राइव्ह पायलट या सिस्टिमला जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये लेव्हल ३ ची मंजुरी मिळाली, तीही सुरुवातीला ताशी ६० किमीपर्यंतच, तिथे रस्त्यावरून नजर काढली तर चालतं पण गाडीने सांगितलं की ताबा घ्यावाच लागतो. अमेरिकेतल्या वेमो कंपनीच्या टॅक्सीत ड्रायव्हरच नसतो, ती लेव्हल ४, पण ठरलेल्या भागातच फिरते. तेव्हा वेमोत बसून आलेल्याचं कौतुक ऐकून आपल्या लेव्हल २ च्या गाडीवर भरवसा वाढवायचा नाही, ती दोन वेगळी यंत्रं आहेत.

आता मॅन्युअल काढा आणि त्यातलं मर्यादांचं पान आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. बऱ्याच मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की वेग जास्त असेल तर समोर थांबलेली गाडी सिस्टिमला दिसेलच असं नाही. ही नुसती अंग काढून घ्यायची भाषा नाही, रडारला रस्त्याकडेचे बोर्ड, पूल, कठडे सगळंच दिसत असतं, प्रत्येकाला ब्रेक मारत बसलं तर गाडी पुढेच जाणार नाही, म्हणून अनेक सिस्टिम न हलणाऱ्या वस्तू बाजूला टाकतात. पुढची गाडी एकदम लेन बदलते आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक उभा असतो, ही वेळ सगळ्यात वाईट.

पहिली प्रॅक्टिस दिवसा, कोरड्या, ओळखीच्या, मधे डिव्हायडर असलेल्या रस्त्यावर करा. पुढच्या गाडीपासूनचं अंतर जास्तीत जास्त ठेवा, हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकच्या वर तयार. आणि चालू करण्यापेक्षा बंद करायचा सराव आधी करा, ब्रेक दाबून, स्टिअरिंग जोराने फिरवून, बटणाने, तिन्ही प्रकारे. काही गाड्यांत ब्रेक दाबला की क्रूझ, म्हणजे वेग आणि अंतर आपोआप सांभाळणारी सोय, सुटतो पण स्टिअरिंगची मदत चालूच राहते, काहींत दोन्ही सुटतात, तुमच्या गाडीत काय होतं ते हाताला माहीत पाहिजे. डॅशबोर्डवरचं चिन्ह तयार असताना कुठल्या रंगाचं आणि चालू असताना कुठल्या, तेही पाठ करा, कारण चालू आहे असं समजून बसलेला माणूस फार धोक्यात असतो. फुकटचा ब्रेक लागला तर लोक ॲक्सिलरेटर हलकेच दाबतात, ते ठीक आहे, पण पाय तसाच ठेवलात तर अनेक गाड्यांत क्रूझ स्वतःहून ब्रेक मारत नाही हे लक्षात असू द्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नव्या लोकांची नाही, सवय झालेल्यांची. रोज काहीच होत नाही, मग नजर हळूहळू फोनकडे जायला लागते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी गावात उबरच्या सेल्फ-ड्रायव्हिंग टेस्ट गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. तपासात निघालं की सिस्टिमला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती पण समोर नक्की काय आहे हे सिस्टिमला ठरवता येत नव्हतं, आणि लक्ष ठेवायला पगार देऊन बसवलेली ड्रायव्हर फोनवर कार्यक्रम बघत होती. जिचं कामच लक्ष ठेवणं होतं तिचं हे झालं, तर आपण दमून घरी येताना काय होईल याचा विचार करा.

ज्यांचा मुळीच विश्वास नाही त्यांनाही एक सांगायचंय, रागाच्या भरात सगळंच बंद करू नका. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक, म्हणजे धडक होणार असं दिसलं की गाडीने स्वतःच मारलेला ब्रेक, ही वेगळी गोष्ट आहे, तो आणि धोक्याची सूचना दोन्ही असलेल्या गाड्यांमध्ये पुढच्या गाडीला मागून धडकायचे अपघात जवळपास निम्मे झाल्याचं अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेला आढळलंय. लेव्हल २ च्या सोयीने अपघात टळतात याचा मात्र फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून स्टिअरिंगची मदत नकोशी वाटत असेल तर ती खुशाल बंद ठेवा, इमर्जन्सी ब्रेक चालू राहू दे.

सॉफ्टवेअर अपडेट आलं की ओळखीच्या रस्त्यावर पुन्हा पहिल्यासारखं तपासा, आधी नीट घेतलेलं वळण नंतर तसंच घेईल असं धरून चालू नका. घरातलं दुसरं कुणी गाडी नेणार असेल तर किल्ली देण्याआधी बंद कसं करायचं ते दाखवा. पाऊस, समोरून येणारं ऊन, पुसट झालेले पट्टे, रस्त्याचं काम, इथे स्वतःच चालवा. आणि झोप येतेय म्हणून तर ते कधीच चालू करू नका, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, थोडी झोप काढा आणि मग निघा.