३२०० ची रॅम ३६०० वर, मे महिन्यातही टिकेल अशी

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीवर जायचा माझा बेत बारगळला. मग घरी जुळवलेल्या जुन्याच पीसीकडे वळले: रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड आणि क्रुशल बॅलिस्टिक्सच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, खोक्यावर वेग ३२०० आणि सीएल १६ (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे ठोके) छापलेल्या. ही मालिका २०२२ मध्ये बंद झाली, पण माझ्या स्टिकमध्ये मायक्रॉनच्या 'ई' रिव्हिजनच्या चिप्स आहेत आणि त्यांची ओव्हरक्लॉकिंगमधली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालण्यातली, ख्याती अजून टिकून आहे. त्या ३६०० वर कशा न्यायच्या आणि नागपूरच्या मे महिन्यात तिथेच कशा ठेवायच्या, ते सांगते.

तुमच्या कामाला याचा उपयोग आहे का, ते आधी बघा. फॅक्टोरिओ या गेममधला माझा कारखाना अवाढव्य झालाय, तिथे फरक दिसतो. प्रोसेसरमुळे अडखळणारे गेम, ७-झिपने मोठ्या फाइल दाबणं, इथेही दिसतो. 4के सेटिंगवर ग्राफिक्स कार्डच दमत असेल, किंवा दिवसभर ब्राउझर आणि एक्सेलच चालत असेल, तर यातलं काही करू नका. सरळ बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग, चालू करा आणि झोपा.

आता थोडं गणित. डीडीआर घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून ३६०० ची रॅम खरी १८०० मेगाहर्ट्झवर चालते. सीएल किती नॅनोसेकंदांचा आहे हे काढायला सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०! ३६०० सीएल १६ मात्र ८.९. दुकानात मोठा आकडा दाखवून विकतात, तेव्हा हा भागाकार फोनवर करून बघावा.

मग ४००० का नको? कारण रायझनच्या पोटात इन्फिनिटी फॅब्रिक नावाची जोडवाट आहे आणि तिचं घड्याळ, म्हणजे बायोसमधला एफसीएलके, रॅमच्या घड्याळाशी एकास एक जुळलेला हवा. ५००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर १८०० बिनतक्रार देतात, बरेच १९०० देतात. त्यापुढे बोर्ड गुपचूप मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगावर टाकतो. आकडा फुगतो आणि लेटन्सी, म्हणजे डेटा मिळेपर्यंतचा वेळ, वाढते. म्हणून मी ३६०० ला थांबते आणि उरलेली मेहनत टायमिंगवर, म्हणजे सीएलसारख्या ठोक्यांच्या आकड्यांवर, घालते.

सुरुवातीला थायफून बर्नर या प्रोग्रामने चिप कोणती आहे ते वाचा. त्याच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिप्स येतात, तेव्हा माझे आकडे तुमच्या रॅमला लागू होतीलच असं नाही. स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच हव्यात. महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण बिघडलेली रॅम डिस्कवर चुकीचा डेटा लिहिते आणि ते तेव्हा कळतही नाही. मदरबोर्डच्या माहितीपुस्तकात क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर आणणाऱ्या, दोन पिना कुठे आहेत ते आत्ताच बघून ठेवा. पडदा काळा झाल्यावर ग्राफिक्स कार्डाखाली टॉर्च मारत शोधायला वैताग येतो.

पहिली पायरी लोक हमखास गाळतात: नुसतं एक्सएमपी लावून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ चालवा. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ चा मानक व्होल्टेज १.२, एक्सएमपी तो १.३५ करतो. इथेच चूक निघाली तर पुढच्या कुठल्याच निकालाला अर्थ नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालतो, त्यामुळे विंडोज धोक्यात येत नाही. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, तेवढ्या पुरतात.

मग वेग. रॅम ३६००, एफसीएलके १८०० हाताने लिहा, ऑटोवर सोडू नका. रॅमचा व्होल्टेज १.४०, एसओसीचा (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचा) १.१. मुख्य टायमिंग मुद्दाम ढिले ठेवा: १८-२२-२२-४२ (सीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस या क्रमाने). मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. ते ट्रेनिंग आहे, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, मिनिटभर तरी बटणाला हात लावू नका. तरीही पडदा काळाच राहिला तर वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा.

ढिल्या टायमिंगवर एक तपासणी पार पडली की आवळायला, म्हणजे आकडे कमी करायला, घ्या. एका वेळी एकच गोष्ट. 'ई' रिव्हिजनचा स्वभाव असा, की सीएल व्होल्टेजला दाद देतो आणि टीआरसीडी (रॅममधली ओळ उघडून वाचायला घेईपर्यंतचे ठोके) अजिबात देत नाही. सीएल १६ वर आला, टीआरसीडी १९ वर अडला. तिथे व्होल्टेज वाढवत बसणं म्हणजे नुसती गरमी. टीआरपी १६, टीआरएएस ३६, टीआरसी ५६ वर मी थांबले. गिअर डाउन मोड (सीएल सम आकड्यावर नेणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर सीएल १५ लिहिला तरी तो १६ च होतो, तेव्हा त्यावर जीव काढू नका.

खरी कमाई बायोसमधल्या टायमिंगच्या खालच्या यादीत आहे, जिकडे कोणी बघत नाही. टीआरआरडीएस ४, टीआरआरडीएल ६, टीएफएडब्ल्यू १६. लागोपाठ ओळी उघडण्यातलं हे अंतर ऑटोवर बोर्ड फार सैल ठेवतो. आणि मग टीआरएफसी. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, तो गळतो. म्हणून दर ७.८ मायक्रोसेकंदांनी ताजेतवाने करण्याचा हुकूम सुटतो आणि तेवढा वेळ रॅम कामाला उपलब्ध नसते, जेवणाच्या सुट्टीत बँकेची खिडकी बंद असते तशी. ही सुट्टी म्हणजे टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या चिपला मानकाप्रमाणे ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ३६०० वर ६३० ठोके. मायक्रॉन 'ई' ३०० पर्यंत सहसा येते, म्हणजे ५४० ठोके. सॅमसंगची बी-डाय ही चिप १६० च्या आसपास उतरते, म्हणून तर तिचे एवढे पोवाडे. मी ६३० वरून टप्प्याटप्प्याने उतरत गेले, चूक दिसली की दोन पायऱ्या वर चढले. विंडोजमध्ये झेनटायमिंग्ज उघडून लिहिलेले आकडे खरंच लागलेत का तेही बघा. बोर्ड कधी कधी आपल्या मनाचं करतो.

तपासणीला आवळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि लागू द्यावा. प्रत्येक बदलानंतर टेस्टमेम५ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा छोटा प्रकार. सगळं बसल्यावर 'एक्स्ट्रीम' कॉन्फिग रात्रभर. एक चूक म्हणजे नापास. 'गेम तर चालतोय ना' हा युक्तिवाद मला मान्य नाही. रॅम ठीक वाटत असूनही विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) १९ क्रमांकाच्या नोंदी दिसू लागल्या, तर संशय एफसीएलकेवर घ्या. तो एक पायरी खाली आणा, रॅमही त्याच्याबरोबर. वेग मोजणाऱ्या आयडा६४ मध्ये राइटचा (लिहिण्याचा) आकडा रीडच्या (वाचण्याच्या) निम्मा दिसेल. ५६०० मध्ये कोरची एकच चिपलेट (छोटी चिप) आहे आणि तिच्याकडून लिहिण्याची वाट निम्म्या रुंदीची आहे. तो दोष तुमचा नाही.

आता उन्हाळा. जानेवारीत पास झालेली रॅम मे महिन्यात नापास होते, कारण गरम कपॅसिटर लवकर गळतो. चिप ८५ अंशांपुढे गेली तर मानकच ताजेतवाने करण्याचं अंतर निम्म्यावर आणायला सांगतं. तिथवर जायच्या बऱ्याच आधी आवळलेला टीआरएफसी चुका द्यायला लागतो. म्हणून शेवटची तपासणी दुपारी दोनला करा, स्लॅब तापलेला असताना, आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर गेमही चालवून घ्या. त्याची गरम हवा थेट स्टिकवर जाते. मी रॅमच्या तोंडाशी १२० मिलिमीटरचा पंखा केबल टायने बांधलाय. डेझर्ट कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर सोडू नका, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात. या सगळ्यानंतर मी टीआरएफसी ५४० वरून ५७२ केला. गेममध्ये फरक जाणवला नाही.

सगळे आकडे बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवा, आणि पडद्याचे फोटोही काढून ठेवा. बायोस अपडेट केला की प्रोफाइल बहुधा उडतं किंवा नव्या आवृत्तीत उघडत नाही. अपडेट यूपीएसवरच करा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. नंतर फोटोवरून आकडे परत भरा आणि रात्रभराची तपासणी पुन्हा लावा, कारण ऑटोवर सोडलेल्या बाकीच्या टायमिंगना नवा बायोस वेगळे आकडे देऊ शकतो.