खगोलसंशोधन ऐकवताना या चुका टाळा

खगोलशास्त्रातील ताजे संशोधन मराठीतून ऐकवण्यासाठी आज फार मोठी सामग्री लागत नाही. या विषयातील बहुतेक शोधनिबंध ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात, ध्वनिमुद्रण फोनवर होते आणि संपादनाची चांगली सॉफ्टवेअरही फुकट मिळतात. तरीही असे अनेक कार्यक्रम ऐकून झाल्यावर श्रोत्याच्या हाती ‘शास्त्रज्ञांना काहीतरी मोठे सापडले’ एवढेच उरते. याचे खापर अवघड भाषेवर फोडले जाते, पण बहुतेक वेळा दोष वेगळाच असतो: निष्कर्ष सांगितला जातो आणि तो ज्या मोजमापावर उभा आहे, ते मोजमाप सांगायचे राहून जाते. छापील लेखात ही उणीव एखादा आलेख थोडीफार भरून काढतो. ऐकणाऱ्याला तेवढाही आधार नसतो.

प्रसिद्धिपत्रकावरून संहिता लिहिणे

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा डायमिथाइल डायसल्फाइड या संयुगांच्या खुणा जेम्स वेब दुर्बिणीला दिसल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर ही संयुगे मुख्यतः समुद्रातील सूक्ष्मजीवांकडून तयार होतात, त्यामुळे बातम्यांचे मथळे थेट परग्रहावरील जीवसृष्टीपर्यंत जाऊन पोहोचले. प्रसिद्धिपत्रक समोर ठेवून संहिता लिहिली, तर तीही त्याच मथळ्यापासून सुरू होते आणि मग उरलेला वेळ तो मथळा सौम्य करण्यात जातो. श्रोत्याच्या लक्षात मात्र पहिलेच वाक्य राहते.

याउलट शोधनिबंध उघडून सुरुवात केली, तर संहिता साधारण अशी होईल: “के२-१८ हा तारा आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर, सिंह राशीत आहे. त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह दर ३३ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो. त्या काही तासांत ताऱ्याचा अगदी थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून पार होऊन आपल्याकडे येतो. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती कमी झाला, एवढेच दुर्बिणीने मोजले. ही घट अमुक रेणूमुळे झाली असावी, हे त्यावरून काढलेले पहिले अनुमान. तो रेणू सजीवांनी तयार केला असावा, हे त्यापुढचे अनुमान.” या मांडणीचा लाभ पुढे दिसतो. इतर गटांनी त्याच निरीक्षणांचे पुन्हा विश्लेषण करून या संयुगांचा ठोस पुरावा मिळत नसल्याचे म्हटले, हे सांगताना वाद पहिल्या पायरीवरचा आहे हे श्रोत्याला आपोआप कळते. डायमिथाइल सल्फाइड एका धूमकेतूवरही आढळले आहे, हे सांगितले की दुसरी पायरीही किती डळमळीत आहे ते उमगते.

संपूर्ण शोधनिबंध समजलाच पाहिजे असे नाही. गणित बाजूला ठेवून सारांश, आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, तसेच चर्चेच्या भागात लेखकांनी स्वतःच मान्य केलेल्या मर्यादा एवढे काळजीपूर्वक वाचले, तरी संहितेचा पाया पक्का होतो. निबंधातील सर्वांत महत्त्वाची आकृती शब्दांत सांगून पाहावी: आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे आणि रेषा नेमकी कुठे वळते. हे दोन-तीन वाक्यांत जमत नसेल, तर त्या विषयावर ध्वनिमुद्रण करण्याची वेळ अजून आलेली नाही, असे खुशाल समजावे.

‘९९.७ टक्के खात्री’

वरील दाव्याची सांख्यिकीय पातळी तीन सिग्मा होती. तिचा उल्लेख करताना ‘तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के आहे’ असे वाक्य फार सहज तोंडात येते, आणि ते साफ चूक आहे. तीन सिग्मा याचा अर्थ एवढाच, की ते संयुग तिथे नसतानाही केवळ योगायोगाने इतका मोठा चढउतार दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे. उपकरणाचा दोष, विश्लेषणातील गृहीतके किंवा दुसऱ्याच एखाद्या रेणूची तशीच खूण यांचा हिशेब त्या आकड्यात येत नाही.

जून २०२३ मध्ये स्पंदक ताऱ्यांच्या (वेगाने फिरत ठरावीक लयीत रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) साहाय्याने अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशकालात उठणाऱ्या तरंगांचा, माग काढणाऱ्या गटांनी आपले निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्यांत पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारा भारतीय गटही युरोपीय गटाच्या जोडीने होता. या गटांनी ‘शोध लागला’ असे न म्हणता ‘पुरावा मिळाला’ अशी सावध मांडणी केली, कारण शोध म्हणण्यासाठी रूढ असलेली पाच सिग्मांची पातळी गाठलेली नव्हती. संशोधकांनी इतक्या काळजीने राखलेले हे अंतर निवेदकाने उत्साहाच्या भरात पुसू नये.

ऐकवलेल्या ध्वनीचे मूळ न सांगणे

श्राव्य कार्यक्रमात अंतराळातील ‘आवाज’ घालण्याचा मोह स्वाभाविक आहे आणि तो टाळावा असेही नाही. चूक होते ती तीन अगदी वेगळ्या प्रकारच्या ध्वनींना एकाच नावाखाली ऐकवण्यात.

पहिल्या प्रकारात मुळात खरोखरच ध्वनिलहरी असतात. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या पर्सियस दीर्घिकासमूहातील तप्त वायूत मध्यवर्ती कृष्णविवरामुळे दाबाच्या लहरी उठतात, हे चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००३ मध्ये समोर आले. त्यांचे एक आंदोलन पूर्ण व्हायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. २०२२ मध्ये नासाने जो ध्वनी प्रसिद्ध केला, तो या लहरी ५७ आणि ५८ सप्तके वर चढवून केलेला आहे. व्हॉट्सॲपवर ‘कृष्णविवराचा खरा आवाज’ म्हणून फिरणारा घुमारा तोच. त्यातील ५७ सप्तकांचा उल्लेख वगळला, तर उरते ती फक्त भीतिदायक ध्वनिफीत.

दुसऱ्या प्रकारात मूळ संकेत ध्वनी नसतो, पण त्याची वारंवारता आपल्या कानांच्या टप्प्यात असते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेल्या. तोच संकेत स्पीकरला दिला की चिवचिवाटासारखा ऐकू येतो. स्पंदक ताऱ्यांचेही असेच. वेला स्पंदक सेकंदाला ११ फेऱ्या घेतो, म्हणून त्याची टकटक सुटी सुटी ऐकू येते, तर सेकंदाला सुमारे ६४२ फेऱ्या घेणारा एक मिलिसेकंद स्पंदक सलग सूर लावतो. (रेडिओ दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ कानाला हेडफोन लावून बसलेले असतात, ही समजूत चित्रपटांमुळे पसरलेली आहे. खोडदला ३० डिशांकडून येणारी माहिती संगणकात जाते आणि कोणी काही ऐकत नाही.)

तिसऱ्या प्रकारात चित्राचेच ध्वनिरूपांतर केलेले असते. आकाशगंगेच्या केंद्राचे चित्र डावीकडून उजवीकडे वाचत जायचे, वरचा बिंदू उंच स्वरात, खालचा खर्जात, जितके तेज अधिक तितका आवाज मोठा, असे नियम माणसांनी ठरवलेले असतात. हे नियम ध्वनी ऐकवण्याच्या आधी सांगावेत. नंतर सांगितले तर श्रोत्याला तो ध्वनी पुन्हा ऐकावा लागतो, आणि तसे कोणी करत नाही. नियम आधी ठाऊक असतील, तर ध्वनिरूपांतर शोभेची वस्तू न राहता वाचनाचे साधन होते. दृष्टी गेल्यानंतर याच मार्गाने संशोधन चालू ठेवणाऱ्या पोर्तो रिकोच्या वांडा डियाझ-मर्सेड यांचे काम त्याची साक्ष देते.

आकड्यांची माळ

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचे वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतके आहे. छापलेले हे वाक्य डोळ्यांना चालते; कानांना दुसरा आकडा निरर्थक आहे. कार्यक्रमाच्या एका भागात एकच मोठा आकडा ठेवावा, तो दोनदा उच्चारावा आणि बाकीचे लेखी टिपणासाठी सोडावेत. कोटी, दशलक्ष आणि बिलियन यांची सरमिसळ तर कटाक्षाने टाळावी, कारण एक बिलियन म्हणजे शंभर कोटी हा हिशेब चालत्या गाडीत कोणी करत बसत नाही.

संशोधकाची मुलाखत

‘या शोधाचे महत्त्व काय?’ या प्रश्नाला प्रसिद्धिपत्रकातलेच उत्तर येते. त्याऐवजी “सर, पडद्यावर तुम्हांला पहिल्यांदा नेमके काय दिसले?” आणि “मॅडम, हे चुकीचे असेल तर ते कशावरून कळेल?” असे विचारावे. दुसरा प्रश्न काहींना उद्धट वाटतो. संशोधकांना मात्र तो रोजचाच असतो. पाहुण्यांनी रेडशिफ्ट किंवा स्पेक्ट्रम असे शब्द वापरले, तर त्यांना मध्येच अडवून मराठी प्रतिशब्द मागू नये. बोलण्याची लय तुटते. नंतर संपादनात निवेदकाने एका वाक्याचे स्पष्टीकरण जोडावे.

ध्वनी ‘हरवतो’ तेव्हा

लायगोचा चिवचिवाट संगणकावर नीट ऐकू आला आणि श्रोते ‘काहीच ऐकू आले नाही’ अशी तक्रार करू लागले, तर दोष बहुधा फोनच्या स्पीकरचा असतो. इतक्या छोट्या स्पीकरमधून खालच्या वारंवारता जवळजवळ येतच नाहीत. म्हणूनच लायगोच्या प्रसिद्ध ध्वनिफितीत मूळ वारंवारतेपाठोपाठ वर चढवलेली आवृत्तीही ऐकवली आहे. दोन्ही वापराव्यात, आणि कोणती कोणती आहे ते सांगावे. व्हिडिओ कॉलवर पाहुण्यांनी वाजवलेला ध्वनी तुटक येत असेल, तर कॉलमधील गोंगाट कमी करणारी सोय सलग सुरांनाही गोंगाट समजून गिळत असते; मूळ फाइल स्वतंत्रपणे मागवून संपादनात जोडणे हाच उपाय. ध्वनिरूपांतरात डाव्या-उजव्या कानांचा उपयोग केलेला असेल, तर अंतिम फाइल मोनो (दोन्ही कानांना एकच ध्वनी देणारी) करू नये. प्रसिद्ध करण्याआधी फोनच्या स्पीकरवर, तोही पंखा चालू असलेल्या खोलीत, एकदा ऐकून पाहावे.

जुना भाग तसाच सोडणे

मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ या दक्षिण ध्रुवावरील प्रयोगाने विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींची खूण मिळाल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१५ मध्ये प्लँक उपग्रहाच्या माहितीसह केलेल्या संयुक्त विश्लेषणात ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीने समजावता येते, असे दिसले. त्या दहा महिन्यांत केलेला एखादा कार्यक्रम आजही कोणी पहिल्यांदाच ऐकत असू शकतो. असा भाग काढून टाकण्यापेक्षा त्याच्या सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचे निवेदन ध्वनिमुद्रित करून जोडावे, त्यात पुढे काय झाले ते सांगावे आणि फाइल त्याच दुव्यावर बदलावी. खालच्या वर्णनात केलेली दुरुस्ती पुरत नाही, कारण फाइल पुढे पाठवली जाते तेव्हा वर्णन तिच्यासोबत जात नाही. आधीच पसरलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक भागाच्या पहिल्या मिनिटात ध्वनिमुद्रणाचा महिना व वर्ष निवेदकाच्याच आवाजात असावे, आणि निबंधाची तज्ज्ञांकडून समीक्षा तेव्हा झाली होती की नव्हती, हेही त्याच वाक्यात सांगावे.