ब्रँचचं नाव रिसोर्सला दिलं की डिप्लॉयमेंट कुठे अडतं

पाइपलाइनमधून (कोड आपोआप तपासून चढवणारी यंत्रणा) ब्रँचचं (कोडची वेगळी शाखा) नाव उचलायचं आणि टेराफॉर्ममध्ये (क्लाउडवरच्या गोष्टी कोडमधून उभारणारं साधन) तेच रिसोर्सच्या, म्हणजे उभारलेल्या गोष्टीच्या, नावाला जोडायचं, ही पद्धत सर्रास दिसते. गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) नावात तिरकी रेघ, अंडरस्कोर, कॅपिटल अक्षरं चालतात. एस३ बकेटला (एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर फाइली ठेवायची जागा) यातलं काहीच चालत नाही. म्हणून एरर आली की आधी लॉगमधलं पूर्ण तयार झालेलं नाव बघा, कोडमधलं व्हेरिएबल नव्हे. मग अक्षरं मोजा. बकेटला ३ ते ६३, एडब्ल्यूएसच्या लोड बॅलन्सरला (येणारी रहदारी सर्व्हरांत वाटून देणारा) जास्तीत जास्त ३२, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवरच्या स्टोरेज अकाउंटला ३ ते २४, आणि तिथे हायफनही नाही: फक्त छोटी अक्षरं आणि अंक.

नाव साफ करताना क्रम चुकतो. आधी सगळं छोट्या लिपीत, मग नको ती चिन्हं काढून हायफन, मग कापणी, आणि हॅश (नावावरून काढलेला छोटा, ठरावीक कोड) सगळ्यात शेवटी. लोड बॅलन्सरसाठी २५ अक्षरं, एक हायफन, ६ अक्षरी हॅश: झाले ३२. हॅश आधी जोडून मग कापलं तर कात्री नेमकी हॅशवरच चालते आणि सारखी सुरुवात असलेल्या दोन ब्रँच एकाच नावावर येऊन आदळतात. हॅश मूळ, न कापलेल्या नावाचाच काढा. त्यात वेळ किंवा बिल्ड नंबर मिसळू नका; दर रनला नाव बदलेल आणि टेराफॉर्म जुनं पाडून नवं बांधायला घेईल. प्लॅनमध्ये (काय बदलणार याची टेराफॉर्मची आगाऊ यादी) -/+ (पाडून पुन्हा बांधणार) दिसलं तर तिथेच थांबा. स्टोरेज अकाउंट असेल तर डेटाही जातो.

नाव नियमात बसतं, प्लॅनही हिरवा, तरी अप्लायला (बदल प्रत्यक्ष करताना) 'आधीच अस्तित्वात आहे'? बकेटचं नाव दुसऱ्याच कुणाच्या खात्यात असू शकतं. नवं आधी बांधून जुनं नंतर पाडण्याची सेटिंग ठरावीक नावासोबत लावली असेल, तर जुना रिसोर्स अजून नाव धरून बसलेला असतो. तिथे पूर्ण नावाऐवजी प्रिफिक्स, म्हणजे नावाची फक्त सुरुवात, द्या (लोड बॅलन्सरला तो ६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही).

सगळ्यात चकवणारं प्रकरण पुसलेल्या वस्तूंचं. ॲझ्युअर की व्हॉल्ट (पासवर्ड, किल्ल्या ठेवायची तिजोरी) डिलीट केल्यावरही ७ ते ९० दिवस नाव अडवून ठेवतं. पोर्टलच्या नेहमीच्या यादीत ते दिसत नाही; डिलीट केलेल्या व्हॉल्टची यादी वेगळी उघडावी लागते. तिथून ते रिकव्हर करा, किंवा पर्ज, म्हणजे कायमचं पुसून टाका. पर्ज संरक्षण चालू असेल तर मुदत संपेपर्यंत दुसरं नाव घ्या.