क्रूझवरून परतल्यावर घर डुलतंय? या चुका टाळा

मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ करून माणूस ठाण्याला घरी येतो, बॅगा टेकवतो, तोंड धुवायला वाकतो आणि बेसिन हळूच वर-खाली होतं. पहिला संशय भूकंपाचा, दुसरा बिल्डिंगच्या पायाचा आणि मग हमखास पित्ताचा. खरं कारण मेंदूत असतं. बोटीवर दोन-तीन दिवसांत मेंदूने लाटांचा ताल पकडलेला असतो, म्हणून तिथे चालताना तोल जात नाही. जमिनीवर आल्यावर तो ताल सुटायला वेळ लागतो. तोल सांभाळणारा आतला कान बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

साधारणपणे हे काही तासांत, फार तर दोन दिवसांत ओसरतं. ४८ तास उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ डुलणं, हेलकावे किंवा वर-खाली होणं चालू राहिलं, तर त्याला ‘माल द देबार्कमाँ सिंड्रोम’ म्हणतात. डॉक्टर थोडक्यात एमडीडीएस म्हणतात. बारानी सोसायटी या चक्कर आणि तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये याचे निकष ठरवले: प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत सुरुवात, गरगरण्याऐवजी डुलणं, आणि वाहनात बसलं की तात्पुरता आराम. महिन्याच्या आत गेलं तर तात्पुरतं, महिन्यापुढे गेलं तर टिकून राहिलेलं. चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांमध्ये आणि मायग्रेन असणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं. बोटीशिवाय लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा रेल्वेप्रवासानंतरही होऊ शकतं.

पहिल्या रात्रीच घाबरणं

उतरल्यानंतरचे दोन दिवस तपासण्यांच्या मागे लागू नका. नीट झोपा, पाणी प्या, रोजची कामं करा. एका वहीत तीनच गोष्टी लिहा: उतरल्याची तारीख आणि वेळ, डुलणं दिवसातून किती तास, आणि कशाने वाढतं. पाय जुळवून स्थिर उभं राहा आणि एका मिनिटात किती झोके जाणवतात ते घड्याळ लावून मोजा. अनेकांचा झोका पाच सेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे मिनिटाला बाराएक. पुढे तज्ज्ञांकडे जायची वेळ आली तर हा आकडा आणि झोका डावी-उजवीकडे की पुढे-मागे, हे त्यांना लागतं.

मात्र अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, उभंच राहता न येणं किंवा कधी नव्हती अशी भयंकर डोकेदुखी यांपैकी काही असेल, तर क्रूझचं कारण पुढे करत बसू नका. तडक १०८ ला फोन करा. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरांना दाखवा, त्यातले उपचार लवकर सुरू करावे लागतात.

डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर येते’ सांगणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चक्कर म्हटलं की बीपी, साखर, मानेचा एक्स-रे आणि पट्टा अशी ठरलेली वाट सुरू होते, आणि क्रूझचा विषयच निघत नाही. म्हणून पहिल्या वाक्यातच सांगा: ‘बोटीवरून उतरून इतके दिवस झाले, तेव्हापासून सतत डुलतंय, आणि गाडीत बसलं की थांबतं.’

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. घोडबंदर रोडवर गाडी चालत असेपर्यंत एकदम बरं वाटतं, तीन हात नाक्याच्या सिग्नलला ती थांबली की थोड्याच वेळात झोके परत येतात. ठाणे-वाशी लोकलमध्येही तेच: डबा हलतोय तोवर आराम, फलाटावर उतरलं की पाय पुन्हा पाण्यावर. आतल्या कानातले बारीक खडे सरकून येणारी चक्कर वेगळी असते. ती अंथरुणात कूस बदलली की गरगर फिरवते आणि बहुधा मिनिटभराच्या आत थांबते. गाडी लागणं तर एमडीडीएसच्या अगदी उलट, तिथे गाडीतच त्रास होतो.

ऐकण्याची ऑडिओमेट्री, डोळ्यांच्या हालचालींची व्हीएनजी आणि गरज वाटल्यास एक एमआरआय, एवढं पुरे. एमडीडीएसमध्ये हे सगळं सहसा नॉर्मल येतं. नॉर्मल आलं म्हणून दुसऱ्या सेंटरला तोच एमआरआय पुन्हा काढणं म्हणजे पैसे घालवणं.

मेडिकलमधून चकरेच्या गोळ्या

बीटाहिस्टीन, सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन ही नावं घराघरात पाठ असतात. गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्याही कुणीतरी शेजारून आणून देतं. या आजारावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. वर सिनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन आठवडेच्या आठवडे चालू ठेवलं, तर विशेषतः वयस्कर माणसांमध्ये हात थरथरणं आणि अंग आखडणं सुरू होऊ शकतं. झोप येते, तोल आणखी ढिला पडतो, आणि दोष मात्र क्रूझला जातो.

काहींना डॉक्टर क्लोनाझेपामचा छोटा डोस किंवा मायग्रेनवर चालणाऱ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या देतात. त्यांनी आराम पडू शकतो. पण क्लोनाझेपामची सवय लागते आणि ते एकदम बंद करता येत नाही. घरातल्या आजोबांच्या डबीतून ते उचलू नका.

यूट्यूब बघून मान फिरवणं

एप्ली पद्धत कानातल्या खड्यांसाठी आहे. इथे खडे सरकलेलेच नसतात, त्यामुळे मान कितीही वळवली तरी काही जागेवर बसणार नाही. मान धरते, मळमळ वाढते, एवढंच.

दुसरा प्रकार नवा आहे: सरकत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे व्हिडिओ. त्यामागे खरा उपचार आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात मिंगजिया दाई यांच्या गटाने २०१४ मध्ये तो मांडला. रुग्णाला सरकत्या पट्ट्यांसमोर बसवून त्याचं डोकं झोक्याच्याच तालात एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे झुकवलं जातं. काही मिनिटांच्या अशा फेऱ्या काही दिवस चालतात. पट्ट्या कोणत्या दिशेने सरकवायच्या हे तपासून ठरवतात: डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला सांगतात आणि माणूस कोणत्या बाजूला वळतो ते बघतात. घरी फोनवर उलट दिशेच्या पट्ट्या बघत बसलात तर त्रास वाढू शकतो. आणि उपचार झाल्यावर लगेच तासन् तास गाडीने घरी परतावं लागलं, तर मिळालेला फायदा निसटू शकतो. केंद्र निवडताना हे अंतर आधी विचारात घ्या.

पडून राहणं, आणि झोपाळा

बरं नाही म्हणून पडून राहणं ही आपली जुनी रीत. इथे ती उलटते, कारण स्थिर असताना झोके जास्त जाणवतात. मग कुणाला तरी कळतं की झोपाळ्यावर बसलं की छान वाटतं. वाटणारच, तो बोटीचंच काम करतो! पण उतरल्यावर झोके परत, कधी आधीपेक्षा जोरात. आराम मिळावा म्हणून पामबीच रोडवर उगाच गाडी फिरवून आणण्याचंही तसंच. प्रवास टाळता येत नसेल तर करा, औषध म्हणून करू नका.

त्याऐवजी रोज २० ते ३० मिनिटं स्वतःच्या पायांनी चाला. तलावपाळीला जायचं तर सकाळी जा. संध्याकाळची गर्दी, दिवे आणि इकडून तिकडून जाणारी माणसं डोळ्यांना दमवतात. नजर पाण्यावर नको, समोरच्या एखाद्या स्थिर झाडावर किंवा इमारतीवर ठेवा. बोटिंग अर्थातच नको. वाशीचं सागर विहार किंवा नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानातला रस्ताही चालेल.

घरी पॅसेजमधल्या फरशीच्या रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं, अशा तीन फेऱ्या. एक हात भिंतीजवळ. मग खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून ३० सेकंद उभं राहा. आधी डोळे उघडे, जमलं तरच मिटून. याने आजार बरा होतो असं नाही, पण पावलांवरचा विश्वास परत येतो. अंघोळीला शॉवरखाली डोळे मिटून उभं राहू नका. स्टुलावर बसा, भिंतीला धरायला दांडा असेल तर उत्तम.

मोबाईल स्क्रोल करणं, मॉलचे सरकते जिने, उंच टॉवरमधल्या वेगवान लिफ्ट, सुपरमार्केटच्या लांब रांगा, हे सगळं काही आठवडे कमी. झोप अपुरी पडली की झोके वाढतात, म्हणून रात्रीच्या वेबसिरीजला सुट्टी. मीठ तोडायची गरज नाही, ते पथ्य मेनियर या आतल्या कानाच्या वेगळ्या आजाराचं.

गाडीत बरं वाटतं म्हणून गाडी चालवणं

धोका चालत्या गाडीत कमी आणि थांबल्यावर जास्त. स्कूटरवर सिग्नलला पाय टेकवताना नेमका झोका आला तर गाडीसकट माणूस आडवा. झोके जोरात असतील तोवर दुचाकी बंदच, चारचाकी दुसऱ्याला चालवू द्या.

लगेच दुसरी क्रूझ बुक करणं

एकदा झालं की पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता असते, आणि दुसरी खेप जास्त दिवस रेंगाळू शकते. झोके चालू असताना बोटीवर चढलात तर बोटीवर छान वाटेल, हिशेब उतरल्यावर होईल. पूर्ण बरं झाल्यावरही जायचंच असेल, तर महिनाभर आधी ईएनटी किंवा न्यूरोलॉजिस्टशी बोला, मायग्रेन असेल तर तो आधी ताब्यात आणा, आणि परतीनंतरचे दोन-तीन दिवस कामाला जाऊ नका.