बी.पी.एड.चं कर्ज: पगाराचा कोणता आकडा धरून काढायचं?

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होण्याच्या पदवीला, जायचं ठरलं की घरात दोनच आकड्यांची चर्चा होते: कॉलेजची फी आणि 'पर्मनंट झाल्यावरचा' पगार. दुसरा आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगात अनुदानित माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं, केंद्रीय विद्यालयात ४४,९०० पासून. पण बँकेचा हप्ता त्या पगाराची वाट बघत थांबत नाही. म्हणून हिशोब सुरुवातीच्या कमाईवर करायचा.

१. आधी मान्यता बघा

कॉलेजला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का आणि किती जागांना आहे, हे मान्यतेच्या आदेशात स्वतः वाचा. मान्यता नसेल तर पुढचा हिशोब करायचं कारणच नाही. तीन वर्षांचं बी.पी.ई.एस. (शारीरिक शिक्षण व क्रीडा या विषयाची पदवी) केलं म्हणजे शाळेतल्या नेमणुकीला पात्र झालो, असंही गृहीत धरू नका. भरतीच्या जाहिरातीतली पात्रता बघा.

२. दोन वर्षांचा पूर्ण खर्च मांडा

'मामाचं एका वर्षात झालं होतं' हे खरं असेल, पण २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून जास्त मागितली तर पावती मागा. फीशिवाय खोली, खानावळ, स्पाइक, ट्रॅकसूट, शिबिर हे खर्च आहेतच. खुराकही यात धरा. रोज मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाचं दूध-अंडी कागदावर येत नाहीत, पण पैसे जातातच. सध्या एखाद्या भरती अकादमीत महिना १२,००० मिळत असतील, तर दोन वर्षांत २,८८,००० रुपये बुडणार, तेही लिहा.

३. हप्ता काढा

समजा दोन वर्षांत मिळून ३ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या वर्षी घेतलेल्या दीड लाखावर तीन वर्षांचं सरळव्याज ४५,००० आणि दुसऱ्या वर्षीच्या दीड लाखावर दोन वर्षांचं ३०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ३ लाख नाही, ३ लाख ७५ हजार झालेलं असतं. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ६,२२५ येतो आणि एकूण भरणा सव्वापाच लाखांच्या आसपास जातो. दहा वर्षं घेतली तर हप्ता पाच हजारांच्या आत येतो, पण भरणा सहा लाखांजवळ पोचतो.

शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी १,२५०, नंतर २,५००) तर मुद्दल ३ लाखांवरच राहतं आणि सात वर्षांचा हप्ता ५,००० च्या आत बसतो. घरून एवढं जमत असेल तर जरूर करा.

४. कमाईचे टप्पे वेगळे धरा

पहिला टप्पा वाट बघण्याचा. अनुदानित शाळेत जायचं तर शिक्षक अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट (TAIT; टीईटी वेगळी), आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. ही चाचणी दरवर्षी होत नाही: पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. त्यातही शारीरिक शिक्षणाच्या जागा किती निघतील ते संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येनुसार शाळेला मंजूर होणाऱ्या पदांवर. तोवर खासगी इंग्रजी शाळा किंवा अकादमी. तिथला पगार जाहिरातीवरून धरू नका. त्याच कॉलेजमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चारपाच जणांना गाठा आणि विचारा: खात्यात नेमके किती जमा होतात, आणि मे महिन्याचा पगार मिळतो का? दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण आधी हसतात.

दुसरा टप्पा शिक्षण सेवकाचा, म्हणजे मानधनावरच्या सुरुवातीच्या नेमणुकीचा: तीन वर्षं, माध्यमिकला १८,००० मानधन. पूर्ण वेतनश्रेणी त्यानंतर.

५. आता ताडून बघा

माझा ठोकताळा असा: हप्ता पहिल्या नोकरीत हातात येणाऱ्या पैशांच्या एक तृतीयांशाच्या वर नको. ६,२२५ चा हप्ता शिक्षण सेवकालाही जड जातो. पहिली नोकरी १०,००० ची दिसत असेल तर मूळ कर्ज दीड लाखाच्या आसपासच थांबवा. बाकीचं जमत नसेल तर एक वर्ष काम करून मग प्रवेश घ्या. ज्यांचा खरा जीव पोलीस भरतीत आहे त्यांनी मात्र वय मोजावं. खुल्या गटाला शिपाई पदाची मर्यादा २८ आहे, आणि १६०० मीटर धावायला बी.पी.एड. लागत नाही.

६. कर्ज घ्यायच्या आधी कर्ज कमी करा

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवरची (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरची) राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती बघा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलतीची योजना आहे. या योजनांना प्रवेश केंद्रीभूत फेरीतून (सरकारच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून) लागतो. संस्थास्तरावरची जागा 'लगेच मिळते' म्हणून घेतली की सवलत गेली. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज यादीत आहे का, हे फी भरण्याआधी विचारा.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी संस्थेसाठी 'डोनेशन' मागितलं, तर त्यासाठी शेत गहाण टाकून कर्ज काढू नका. ते बेकायदा आहे, त्याची पावती मिळत नाही आणि ऑर्डर आली नाही तर दाद कुठे मागणार?

७. बँकेत

४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणजे तुमचा हप्ता चुकला की सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) त्यांचाही बिघडतो आणि पुढचं पीककर्ज अडतं. मंजुरीपत्रात तीन गोष्टी लेखी आहेत का बघा: शिक्षणकाळात व्याज सरळ की चक्रवाढ, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, आणि पहिल्या हप्त्याची तारीख. ही तारीख वडिलांना सही करण्याआधी दाखवा.