जुनी नाणी : जमवावीत कशी आणि सोडावीत कोणती

सातारा-सांगलीकडील माणसाने प्राचीन व ऐतिहासिक नाण्यांचा संग्रह शिवराईपासून सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडले जाऊ लागलेले हे तांब्याचे नाणे पुढे सातारच्या गादीच्या काळातही चालत राहिले, आणि एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ हा मजकूरही तोच राहिला. त्यामुळे हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतील असते, ही समजूत प्रथम सोडावी. ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई तर बरीच नंतरची आहे. पुष्कळदा ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्याने अक्षरे कडेला कापली गेलेली दिसतात. म्हणून ज्या नाण्यावर मजकूर पुरता उमटला आहे आणि ठिपक्यांच्या कडेचा थोडा तरी भाग दिसतो, ते नाणे अधिक मोलाचे समजावे.

नाणे घेण्यापूर्वी ते ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे आणि भिंगाखाली त्याची कड पाहावी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर बहुधा सांध्याची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. शिवकालीन सोन्याचा होन कोणी सहजपणे, घाईने विकू पाहत असेल, तर तो नकली आहे असे धरूनच चालावे.

घरी आणलेले नाणे चिंच, लिंबू किंवा पितांबरीने मुळीच घासू नये. तांब्यावर शतकानुशतके चढलेला तपकिरी-हिरवा थर धातूचे रक्षण करतो. तो एकदा निघाला की परत येत नाही. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर तो क्षारांमुळे होणारा रोग समजून ते नाणे ताबडतोब वेगळे ठेवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांनी चिकट हिरवट द्रव पाझरतो, म्हणून पॉलिएस्टरची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत. कोल्हापूर परिसरात मिळालेली धनुष्यबाण व चैत्याची (एकावर एक रचलेल्या कमानींची) चिन्हे असलेली प्राचीन कुर राजांची शिशाची नाणी संग्रहात असल्यास ती लाकडी कपाटात ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून खचत जाते. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवेच.

आता अवघड भागाकडे येतो. संग्राहकाचा जीव नाण्यात अडकतो आणि एकही नाणे हातावेगळे करवत नाही. ही ओढ मला दोषास्पद वाटत नाही. तिच्यामुळेच अनेक नाणी वितळण्यापासून वाचली आहेत. खानापूर-आटपाडीकडील गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या) व्यावसायिकांचा वारसा असलेल्या आपल्या भागात जुना रुपया म्हणजे इतक्या ग्रॅम चांदी, हा हिशेब घरोघरी ठाऊक आहे. परंतु संग्राहकाच्या पश्चात वारसांना नाण्यांची ओळख नसेल, तर त्याने उराशी धरलेली नाणी त्याच हिशेबाने मोडीत जातात. म्हणून प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, ते कोठून व कोणाकडून आले आणि सोबत आणखी कोणती नाणी होती, हे वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही कोठे आहे हे घरातील किमान एका व्यक्तीस सांगावे. अशी नोंद पूर्ण झाल्यावर नाणे सोडणे पुष्कळ सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

कोणते नाणे सोडू नये, हे आधी ठरवावे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यातील बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसे मारलेले होते. पराभूत राजाचे चलन जेत्याने किती मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले, हे कळले ते नाणी एकत्र अभ्यासता आली म्हणून. तीच सुटी विकली गेली असती, तर हे प्रमाण कायमचे हरवले असते. तेव्हा एकाच घरातून वा एकाच गाठोड्यातून आलेली नाणी फोडू नयेत. द्यायची तर सगळी एकत्र द्यावीत. देवघरात पूजेत असलेली शिवराई तर मागूही नये. याउलट, पूर्वेतिहास नसलेली सुटी दुबार नाणी निःशंकपणे वेगळी काढावीत; मात्र ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे लेखनातील फरक पाहिल्याशिवाय कोणतेही नाणे दुबार ठरवू नये. जी नाणी पावसाळाभर वेगळ्या पाकिटात ठेवूनही दसऱ्यापर्यंत एकदाही पाहावीशी वाटली नाहीत, त्यांची दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल करावी. ज्याला पैसे घेऊन नाणे देणे जड जाते, त्याला नाण्याच्या बदल्यात नाणे घेणे मानवते.

कायद्याकडेही लक्ष असावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना संग्रह द्यावयाचा विचार असणाऱ्यांनी हे आजच ध्यानात घ्यावे. शेतात किंवा घराच्या पायात नाणी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. विक्री परवानाधारक व्यापाऱ्याकडेच करून पावती घ्यावी. संग्रहालयास दान देताना नाण्यांसोबत वहीची प्रत द्यावी, प्रत्येक नाण्याचा नोंदणी क्रमांक लेखी मागून घ्यावा आणि तो आपल्या वहीत त्या नाण्यासमोर लिहावा.