गणपतीत इंजिन फिरवायचंय? आधी जंपर बघा

गेल्या वर्षी गणपतीच्या देखाव्यात माटवीखाली कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा केला होता. खरा साडेसहा किलोमीटरचा, आमचा पुठ्ठ्याचा, दीड हाताचा. खेळण्यातलं रेल्वे इंजिन बॅटरीवर, आत आरसी (रिमोटच्या) कारचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, आणि रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर. गौरी आल्या त्या संध्याकाळी इंजिन बोगद्यातच थांबलं. उघडलं तर लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगून टम्म. ईएससीवरचा जंपर, म्हणजे बॅटरीची जात ठरवणारी टोपी, एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) या दुसऱ्याच जातीवर राहिला होता आणि तो मीच बघितला नव्हता.

रुळांतून वीज न देता बॅटरी का, हे कोकणात सांगायला नको. खाऱ्या हवेत पितळी रूळ काळे पडतात, वर पावसात लाइट जाते. मोटर ब्रशवाली असेल तर ईएससीही ब्रशवालाच घ्या. सोल्डरचे डाग, इन्सुलेशन नीट करा. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा, नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हर बावचळतो.

आता जंपर. दोन पिनांवर बसलेली तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी असते. चिमट्याने काढा आणि लायपोच्या खुणेवर बसवा. एनआयएमएचवर राहिली तर ईएससी पुरवठा फार उशिरा तोडतो आणि तोवर बॅटरीतला एकेक सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला असतो. आरसी कार पळवताना बॅटरी उतरली की वेग पडतो, ते हाताला कळतं. इंजिन मुंगीच्या चालीने तासन्‌तास फिरतं, काहीच जाणवत नाही. म्हणून टोपी बघा. रात्री बसवली असेल तर सकाळी उजेडात पुन्हा बघा.

दुसरा जंपर चालीचा. कारमध्ये ट्रिगर उलटा दाबला की आधी ब्रेक लागतो, सोडून पुन्हा दाबल्यावर रिव्हर्स. शंटिंगला, म्हणजे इंजिन पुढे-मागे करायला, हे जमत नाही, म्हणून फॉरवर्ड-रिव्हर्सवर टाका. आणि हा बदलताना शेजारची लायपोची टोपी हलली नाही ना, तेही बघा! माझी तिथेच हलली असावी.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबते का, ते तपासा. चाकं अधांतरी धरून इंजिन चालू करा आणि हातातला ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. नाही थांबली तर गाडी रुळावर ठेवू नका, आरतीला पोरं ताटाशी बसलेली असतात.

बॅटरीच्या बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांना) व्होल्टेजचा बझर लावा, सेलमागे साडेतीन व्होल्टवर. जंपर चुकला तरी तो ओरडेल. पण म्हणून जंपर सोडू नका.

चार्जिंग चार्जरच्या बॅलन्स मोडवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), २२०० एमएएचला २.२ अँपिअर. मखराजवळ नको, पडवीत फरशीवर. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. माटवीवरून पाणी टपकतं, रिसीव्हर झाका. रात्री नुसता स्विच बंद करून भागत नाही, बॅटरीचा प्लग काढा.

विसर्जनानंतर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवून द्या. पुढच्या वर्षी डबा उघडलात की पहिल्यांदा जंपर.